शिक्षेची सुनावणी

ज्या खटल्याला आपल्या शहराचे नाव कायमचे जोडले गेले, त्यातल्या गुन्ह्यात एकाही माणसाचा जीव गेला नव्हता. ९ मे २००६ रोजी दहशतवादविरोधी पथकाने चांदवड-मनमाड रस्त्यावर एका टाटा सुमोचा आणि एका इंडिकाचा पाठलाग केला. सुमो हाती लागली. तिच्यात ३० किलो आरडीएक्स, १० एके-४७ रायफली आणि ३,२०० काडतुसे निघाली. इंडिका निसटली. पुढे आणखी साठे सापडले आणि आरडीएक्सचा एकूण आकडा ४३ किलोवर, रायफलींचा १६ वर गेला. १२ मार्च १९९३ च्या मुंबईतल्या स्फोटमालिकेत २५७ माणसे मेली होती, त्यामुळे ४३ किलो आरडीएक्स म्हणजे काय, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावे लागले नाही. तेव्हापासून ‘औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण’ हे नाव रूढ झाले. शहर छत्रपती संभाजीनगर झाले तरी वकिलांच्या आणि लोकांच्या बोलण्यात खटला त्याच नावाने राहिला.

तो चालला मुंबईत, संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याखालच्या विशेष न्यायालयात. इंडिका घेऊन निसटल्याचा आरोप ज्याच्यावर होता तो बीड जिल्ह्यातल्या गेवराईचा झबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल जून २०१२ मध्ये सौदी अरेबियातून भारतात आणला गेला. २८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने १२ जणांना दोषी धरले. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलींचा सूड म्हणून नरेंद्र मोदी आणि प्रवीण तोगडिया यांना मारण्याचा कट रचला होता, हे न्यायालयाने मान्य केले. मोक्का मात्र लागू होत नाही, असे ठरवले. २ ऑगस्टला शिक्षा सुनावल्या गेल्या. जुंदालसह सात जणांना मरेपर्यंत जन्मठेप, दोघांना १४ वर्षे, तिघांना ८ वर्षे. ज्यांना ८ वर्षांची शिक्षा झाली, त्यांच्या खटल्याचा निकाल लागायलाच दहा वर्षे गेली होती.

या निकालापासून प्रस्तावनेला सुरुवात करण्याचे कारण असे की, त्यात फाशीचा प्रश्नच उभा राहिला नाही. दहशतवादी कृत्यात कुणाचा मृत्यू झाला तरच आपला दहशतवादविरोधी कायदा फाशीचा पर्याय खुला करतो. तो पर्याय समोर नव्हता म्हणून न्यायालयाला बारा आरोपींकडे बारा वेगवेगळी माणसे म्हणून पाहता आले. साठा कुणी आणला, कुणी सांभाळला, कुणी थोडीफार मदत केली याचा हिशेब शिक्षेच्या वर्षांत उतरला. एकाच कटातले बारा जण आणि तीन वेगळ्या पायऱ्या. शिक्षा ठरवणे म्हणजे हेच काम. जिथे माणसे मेली आणि देश हादरला, तिथे नेमके हेच काम घाईघाईने उरकले जाते, असे माझे मत आहे. या पुस्तकातले निकाल मी त्याच नजरेने वाचले, आणि वाचकांनीही तसेच वाचावेत, एवढ्यासाठी हा मजकूर.

दहशतवादाच्या खटल्यांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. तपास कसा झाला, कट कुठे शिजला, पैसा कुठून आला, कोण फरार आहे, हे सगळे आपल्याला पाठ असते. दोष सिद्ध झाल्यावर शिक्षा कशी ठरली, त्या सुनावणीत कोण काय बोलले, न्यायाधीशांपुढे कोणते कागद होते, याबद्दल मात्र चार ओळीही मिळत नाहीत. ‘फाशी’ हा मथळा आला की विषय संपतो. कायद्याच्या दृष्टीने तिथे एक वेगळा टप्पा सुरू होतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५(२) ने तो १९७३ मध्ये आणला. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच तरतूद कलम २५८(२) मध्ये आहे. आधी दोष ठरवायचा, मग शिक्षेबाबत आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकायचे. फाशी द्यायची असेल तर त्यासाठी विशेष कारणे लिहायची. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात घटनापीठाने त्यात भर घातली: फाशी फक्त दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणी द्यायची, गुन्हा पाहायचा तसा गुन्हेगारही पाहायचा, आणि हा माणूस सुधारण्यापलीकडे गेला आहे हे दाखवण्याची जबाबदारी सरकार पक्षाची. पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी फाशी घटनात्मक ठरवली ती या अटींवर. न्या. भगवती यांनी विरोधी मत दिले. अटी काढून घेतल्या तर बहुमताच्या निकालात फारसे काही शिल्लक राहत नाही, हे आपण सहज विसरतो.

या टप्प्याचा मराठवाड्याशी जुना संबंध आहे. परभणी जिल्ह्यातल्या मानवतचे हत्याकांड जुन्या पिढीला आठवत असेल. तो खटला दगडू विरुद्ध महाराष्ट्र शासन या नावाने १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्या. यशवंतराव चंद्रचूड यांच्यासमोर प्रश्न आला की, शिक्षेवर आरोपीला ऐकलेच नाही तर काय करायचे? उत्तर असे मिळाले की, दर वेळी खटला खाली परत पाठवण्याची गरज नाही, वरचे न्यायालयही ती संधी देऊ शकते. पण संधी खरी हवी, नुसता उपचार नको. देशभरच्या वकिलांनी गेली जवळपास पन्नास वर्षे ज्या निकालाचा आधार घेतला तो मानवतमधून निघाला, ही गोष्ट आपल्या विधी महाविद्यालयांत मुलांना आवर्जून सांगायला हवी.

उपचार म्हणजे काय, हे सत्र न्यायालयात वावरणाऱ्या कुणालाही विचारा. न्यायाधीश निकालाचा शेवटचा भाग वाचतात. पिंजऱ्यातल्या माणसाला कळते की आपण दोषी ठरलो. त्याच दमात प्रश्न येतो, ‘शिक्षेबाबत काही सांगायचे आहे का?’ तो गोंधळून वकिलाकडे पाहतो. वकील मानेने खूण करतात, बोल. मग तो म्हणतो, ‘साहेब, घरी म्हातारी आई आहे, लेकरं लहान आहेत, दया करा.’ वकील उभे राहून सांगतात की आरोपी तरुण आहे, पहिलाच गुन्हा आहे. सरकारी वकील सांगतात की गुन्हा अत्यंत क्रूर आहे, जास्तीत जास्त शिक्षा व्हावी. रोजनाम्यात एक ओळ पडते की आरोपीस शिक्षेबाबत ऐकले. हे सगळे पंधरा-वीस मिनिटांत होते. खटल्यात शंभर निशाण्या असतील, पंचनामे असतील, मुद्देमालाची भली मोठी यादी असेल, पण या माणसाच्या आयुष्याविषयी सबंध फाइलीत एक कागद नसतो. तो कुठे शिकला, कुणाच्या हाताखाली वाढला, कधी आणि कशाने या वाटेला लागला, तुरुंगातल्या वर्षांत त्याचे वागणे कसे होते, यांतले काहीच नाही. अशा फाइलीवरून तो सुधारेल की नाही हे कसे ठरवायचे?

दहशतवादाच्या खटल्यांत वेळ थोडा जास्त मिळतो. तारखाच पाहा. जर्मन बेकरी खटल्यात हिमायत बेग १५ एप्रिल २०१३ रोजी दोषी ठरला आणि १८ एप्रिलला त्याला फाशी सुनावली. कसाबला ३ मे २०१० रोजी दोषी धरले, ४ मे रोजी शिक्षेवर युक्तिवाद झाले, ६ मे रोजी फाशी. तीन दिवस. अमेरिकेत बॉस्टन मॅरेथॉनच्या बॉम्बस्फोटात झोखार सारनाएव ८ एप्रिल २०१५ रोजी दोषी ठरला आणि फाशीचा कौल आला १५ मे रोजी. मधल्या काळात ज्युरीसमोर शिक्षेपुरता वेगळा खटलाच चालला आणि दोन्ही बाजूंनी साक्षीदार आणले. त्यालाही देहदंडच झाला, म्हणजे जास्त वेळ दिल्याने निकाल मवाळ होतो असे नाही. तेथील न्यायव्यवस्थेत दोष पुष्कळ आहेत. पण एखाद्याला मारायचे की नाही हा प्रश्न तो दोषी आहे की नाही या प्रश्नाइतकाच वेळखाऊ आहे, एवढे तरी तिथे गृहीत धरले जाते. आपल्याकडे ७/११ च्या रेल्वे स्फोटांच्या खटल्यात न्यायाधीश यतीन शिंदे यांनी बचाव पक्षाला शिक्षेच्या टप्प्यावर साक्षीदार तपासू दिले. दोष ११ सप्टेंबर २०१५ ला, शिक्षा ३० सप्टेंबरला. महाराष्ट्राच्या दहशतवादाच्या खटल्यांत ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. त्या निकालाचे पुढे काय झाले ते येईलच.

आता कसाब. त्याच्या बाबतीत तीन दिवस पुरेसे होते असे बहुतेकांना वाटेल, आणि तसे वाटण्यात गैर काही नाही. २६/११ च्या मुंबईवरच्या हल्ल्यात १६६ माणसे मेली होती. सीएसएमटीवर बंदूक घेऊन चालणाऱ्या कसाबचे छायाचित्र जगाने पाहिले होते. तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर गोळ्या झेलत त्याची रायफल घट्ट धरून ठेवली म्हणून तो जिवंत हाती आला. पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगी कुबड्या घेऊन विशेष न्यायालयात आली आणि तिने त्याच्याकडे बोट दाखवले. त्याने कबुलीजबाब दिला तोही दंडाधिकाऱ्यांसमोर, पोलिसांसमोर नव्हे. विशेष न्यायालयाचे न्या. टहलियानी यांनी १,५२२ पानांचा निकाल लिहिला आणि त्याच निकालात फहीम अन्सारी व सबाउद्दीन अहमद या दोन भारतीय आरोपींना पुराव्याअभावी सोडले. एवढ्या दबावात दोघांना सोडण्याचे धैर्य त्या न्यायालयाने दाखवले, हे पुरेसे बोलले गेलेले नाही.

कसाबच्या खटल्याने दिलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट फाशी ही नाही. २९ ऑगस्ट २०१२ च्या निकालात न्या. आफताब आलम आणि न्या. सी. के. प्रसाद यांनी देशभरच्या दंडाधिकाऱ्यांवर एक कर्तव्य टाकले. अटक केलेला माणूस पहिल्यांदा समोर आला की, त्याला वकील मिळण्याचा हक्क आहे आणि परवडत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळेल, हे त्याला स्पष्ट सांगायचे. सर्वोच्च न्यायालयात राजू रामचंद्रन यांनी न्यायमित्र म्हणून हा मुद्दा लावून धरला होता. कसाबला त्याचा फायदा झाला नाही. पण आज अदालत रोडवरच्या आपल्या न्यायालयात मोबाइल चोरीच्या आरोपातला एखादा मजूर रिमांडसाठी उभा राहतो, तेव्हा त्याला वकिलाविषयी विचारले जाते ते या निकालामुळेही. ज्याचा सर्वाधिक तिरस्कार होतो त्याच्या खटल्यात काटेकोर राहिले की ते काटेकोरपण सर्वांच्या उपयोगी पडते.

कसाबच्या फाशीबद्दल माझे आणखी एक म्हणणे आहे, ते नोंदवून ठेवतो. जुंदाल जून २०१२ मध्ये भारतात आला. २६/११ च्या रात्री कराचीतून हल्लेखोरांना सूचना देणाऱ्यांत तो होता, असा त्याच्यावर आरोप आहे. त्यानंतर पाच महिन्यांनी, २१ नोव्हेंबर २०१२ रोजी सकाळी येरवड्यात कसाबला फाशी दिले. दहा हल्लेखोरांपैकी जिवंत उरलेला तो एकटा होता. ज्या कटाची सूत्रे हलवणारे अजून मोकळे आहेत, ज्याचे पुढचे खटले व्हायचे आहेत, त्यातला तो माणूस साक्षीदारही होता. त्याच्या मरणाने मुंबईकरांना काही मिळाले असेल तर ते मी नाकारत नाही. पण काही गमावलेही, आणि ते गमावणे शिक्षा ठरवताना कुणी हिशेबात धरले नाही.

जिथे पुरावा कसाबइतका उघड नव्हता तिथे काय झाले, हा या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग आहे, आणि तसाच असायला हवा. हिमायत बेग मूळचा बीडचा, उदगीरमध्ये सायबर कॅफे चालवायचा. १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्याच्या जर्मन बेकरीत १७ जण मेले. सप्टेंबरमध्ये त्याला अटक झाली. त्या खटल्यात प्रत्यक्ष शिक्षा झालेला आरोपी तो एकटाच. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली. १७ मार्च २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. नरेश पाटील आणि न्या. शुक्रे यांनी त्याला स्फोटाच्या कटाच्या, खुनाच्या आणि दहशतवादी कृत्याच्या आरोपांतून मुक्त केले. स्फोटके बाळगल्याबद्दलची जन्मठेप आणि बनावट कागदपत्रांबद्दलची शिक्षा कायम ठेवली. म्हणजे हा माणूस पूर्ण निर्दोष ठरला असे कुणी म्हणू नये. पण ज्या १७ जिवांबद्दल त्याला मारायचे ठरले होते, ते जीव त्याने घेतले हे सिद्ध झालेले नव्हते. फाशीचा निकाल आणि उच्च न्यायालयाचा निकाल यांत तीन वर्षे गेली. फाशीवर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब झाल्याशिवाय ती अमलात येत नाही, ही तरतूद नसती तर?

ही तरतूद म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या शहरातल्या खंडपीठाचेही रोजचे काम आहे. जालन्यात, बीडमध्ये, लातुरात किंवा धुळ्यात सत्र न्यायाधीशांनी फाशी दिली की फाइल आपोआप जालना रोडवरच्या इमारतीत येते, आरोपीने अपील केले असो वा नसो. १९८१ पासून असेच चालू आहे. दहशतवादाचे खटले मात्र बहुधा मुंबईतल्या विशेष न्यायालयांत चालतात. तिथे तारीख असली की नातेवाईक देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून जातात आणि तारीख पुढे गेली की त्याच गाडीने परत येतात. त्या माणसाच्या लहानपणाविषयी, शाळेविषयी, मोहल्ल्याविषयी ज्यांना काही सांगता आले असते ते शिक्षक, शेजारी, मालक इथेच राहतात. शिक्षेच्या सुनावणीत ते कधी मुंबईपर्यंत पोचत नाहीत, आणि त्यांना कुणी बोलावतही नाही.

७/११ विषयी लिहिताना हात जड होतो. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे मेली, आठशेवर जखमी झाली. तेरा जणांवर खटला चालला, एक सुटला, बारा दोषी ठरले. पाचांना फाशी, सातांना जन्मठेप. फाशी झालेल्या पाचांपैकी एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोविडने गेला. २१ जुलै २०२५ रोजी न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी बाराही जणांना निर्दोष सोडले. मोक्काखाली पोलीस अधिकाऱ्यांसमोर दिलेले कबुलीजबाब त्यांनी विश्वासार्ह मानले नाहीत. वेगवेगळ्या आरोपींच्या जबाबांत सारखाच मजकूर उतरला होता आणि ते छळ करून घेतल्याच्या तक्रारीत त्यांना तथ्य दिसले. आरोपींना ओळखणारे साक्षीदार शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले होते. ओळख परेड घेणाऱ्याला तसा अधिकार नव्हता. जप्त स्फोटकांना लावलेले सीलही नीट नव्हते. राज्य सरकारने अपील केले. २४ जुलै रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दुसऱ्या खटल्यांत पायंडा म्हणून धरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात जायला सांगितले नाही. अंतिम शब्द सर्वोच्च न्यायालयाचा असेल, आणि त्याचा आदर करून मी एवढेच म्हणतो की, एकोणीस वर्षांनंतर एका उच्च न्यायालयाला ज्या पुराव्यावर जन्मठेपही टिकवता आली नाही, त्याच पुराव्यावर एका विशेष न्यायालयाने पाच माणसांचा जीव घ्यायचे ठरवले होते. शिक्षेची सुनावणी चांगली झाली होती, साक्षीदारही ऐकले होते. तरीही पायाच डळमळीत असेल तर सुनावणी काय करणार?

इथे दोन गोष्टी एकमेकींना छेद देतात. दहशतवादाच्या खटल्यासाठी कायदा सर्वांत कठोर शिक्षा ठेवतो आणि त्याच खटल्यांत पुराव्याच्या अटी सर्वांत सैल करतो. पूर्वीच्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब ग्राह्य होता, मोक्कातही ग्राह्य आहे. साध्या खुनाच्या खटल्यात, अगदी हर्सूलच्या तुरुंगातल्या कुठल्याही कच्च्या कैद्याच्या खटल्यात, तो जबाब कागदाचा तुकडा ठरला असता. तपासावर लोकांचा, माध्यमांचा, राज्यकर्त्यांचा दबाव तर असतोच. इंग्लंडमध्ये १९७४ च्या बर्मिंगहॅम पबमधल्या स्फोटांत २१ जण मेले. सहा आयरिश माणसे कबुलीजबाबांच्या आणि चुकीच्या रासायनिक चाचण्यांच्या आधारे दोषी ठरली. १९९१ मध्ये ती निर्दोष सुटली. सुटली, कारण तिथे खुनासाठीची फाशी १९६५ मध्येच थांबली होती आणि सोळा वर्षांनी सोडायला ती माणसे जिवंत होती.

याच कारणाने विधी आयोगाचा २६२ वा अहवाल मला खटकतो. तो येण्याच्या महिनाभर आधी, ३० जुलै २०१५ ला पहाटे तीननंतर सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडले. १९९३ च्या मुंबई स्फोटांच्या खटल्यात फाशी झालेल्या याकूब मेमनच्या वकिलांचे म्हणणे होते की, दयेचा अर्ज फेटाळल्यावर फाशीपर्यंत चौदा दिवस मिळायला हवेत, हा २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाचा नियम आहे. न्या. दीपक मिश्रा, न्या. पंत आणि न्या. रॉय यांनी ते मान्य केले नाही, कारण त्याच्यासाठीचा पहिला दयेचा अर्ज २०१४ मध्येच फेटाळला गेला होता. काही तासांनी नागपुरात त्याला फाशी झाली. त्याच खटल्यात टाडा न्यायालयाचे न्या. प्रमोद कोदे यांनी २००७ मध्ये ज्यांना फाशी सुनावली होती, त्यांतल्या दहा जणांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये जन्मठेपेवर आणली होती. फाशी राहिली ती याकूबची एकट्याची. पुढच्याच महिन्यात न्या. अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने अहवाल दिला की फाशी सर्व गुन्ह्यांसाठी रद्द करावी, फक्त दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध यांचा अपवाद ठेवावा. दहशतवादाला वेगळे वागवायला शिक्षाशास्त्रात आधार नाही, हे आयोगाने स्वतःच लिहिले, आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या चिंतेपोटी अपवाद तरीही ठेवला. मी त्याच्या उलट म्हणेन. फाशीत चूक होण्याचा धोका सर्वांत मोठा आहे तो इथेच. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशीच्या ३७३ कैद्यांची माहिती घेतली गेली. त्यांत सुमारे तीन चतुर्थांश आर्थिकदृष्ट्या दुर्बळ निघाले आणि दहशतवादासाठी फाशी झालेल्यांत दलित आणि धार्मिक अल्पसंख्य मिळून ९३ टक्क्यांहून जास्त. अपवाद कुणासाठी राखून ठेवला जातो आहे, हे त्यावरून दिसते.

बळींच्या घरच्यांना हे सांगून पाहा, असे मला अनेकदा ऐकवले जाते. त्यांच्यापुढे कोणताही युक्तिवाद करायला मला संकोच वाटतो आणि तो वाटायलाच हवा. पण आपल्या राज्यात त्यांना आजवर काय मिळाले तेही पाहिले पाहिजे. ७/११ च्या कुटुंबांना एकोणीस वर्षांनी कळले की दोषी धरलेले सुटले. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातल्या सहा मृतांच्या घरच्यांना ३१ जुलै २०२५ रोजी कळले की सातही आरोपी सुटले. त्याआधीच्या, २००६ च्या मालेगाव स्फोटांत पकडलेल्या मुस्लिम तरुणांना न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. आरोपी कोणत्या धर्माचे, तपास कुणाचा, सरकार कुणाचे, हे बदलत गेले, पण कुटुंबे दर वेळी रिकाम्या हातांनी परतली. फाशीच्या घोषणेने त्यांना काही मिळाल्याचा भास होतो आणि मूळ प्रश्न, आमच्या माणसाला मारले कुणी, हा तसाच राहतो. चांगला तपास, सुरक्षित पुरावा, वेळेत निकाल आणि टिकणारी शिक्षा ही त्यांची मागणी असायला हवी, आणि ती आपण सर्वांनी त्यांच्या वतीने करायला हवी.

टिकणारी शिक्षा कशी असते याचे साचे आपल्या कायद्यात तयार आहेत. स्वामी श्रद्धानंद खटल्यात २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांची नेहमीची जन्मठेप आणि फाशी यांच्या मधली जागा शोधली: ठरावीक वर्षे किंवा मरेपर्यंत सुटका नाही. २०१५ मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्का मारला. शस्त्रसाठा प्रकरणात जुंदालला जी शिक्षा झाली ती याच जातीची. ती सौम्य आहे असे ज्याला वाटते त्याने एकदा विचार करावा की तिशीतला माणूस पुढची चाळीस-पन्नास वर्षे त्याच भिंतींत काढणार आहे.

शिक्षेच्या सुनावणीत काय हवे हे २०२२ च्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश या निकालात न्या. लळित, न्या. भट आणि न्या. बेला त्रिवेदी यांनी सविस्तर सांगितले आहे. आरोपीची कौटुंबिक, सामाजिक, मानसिक माहिती सरकार पक्षाने आधीच न्यायालयापुढे ठेवायची, तुरुंगातल्या वर्तनाचा आणि मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल मागवायचा, बचाव पक्षाला उत्तर द्यायला वेळ द्यायचा. त्याच वर्षी हा विषय घटनापीठाकडे सोपवला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या वसंता दुपारे याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढचे पाऊल टाकले. एका चिमुरडीवरच्या अत्याचाराचा आणि खुनाचा तो गुन्हा आहे, सहानुभूती वाटावी असे त्यात काही नाही. तरीही न्यायालय म्हणाले की, मनोज निकालातली पद्धत पाळली गेली नसेल तर अंतिम झालेली फाशीसुद्धा शिक्षेपुरती पुन्हा तपासता येईल.

आपल्याकडे हे काम करणार कोण? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील आहेत, पण एखाद्याच्या गावी जाऊन त्याच्या शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद, शेजाऱ्यांचे जबाब गोळा करायला त्यांना ना वेळ आहे ना त्यासाठी वेगळा खर्च. कांचनवाडीला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. समाजकार्याचे शिक्षण घेणारी मुले शहरात आहेत. घाटी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ही माणसे एकत्र आणून खंडपीठाच्या बारा जिल्ह्यांतल्या फाशीच्या प्रकरणांसाठी असे अहवाल तयार करणे अवघड नाही. वकील संघाने मनावर घेतले तर सुरुवात हर्सूल तुरुंगापासूनच करता येईल. त्यांच्या हाताशी असावेत म्हणून दगडूपासून दुपारेपर्यंतचे निकाल पुस्तकाच्या शेवटच्या भागात कालक्रमाने दिले आहेत, आणि मुलाखत घेताना कोणते प्रश्न विचारावेत याचा कच्चा नमुना त्यांच्याच मागे जोडला आहे.